न वाळणारा घाम

मामांची नागपूरहून रत्नागिरीला बदली झाली तेव्हा ट्रकमध्ये इतर सामानाबरोबर कूलरही चढला. नागपूरच्या मे महिन्यात ज्या कूलरने घर तारलं होतं, त्याने रत्नागिरीत पहिल्याच रात्री गाद्या दमट केल्या, डब्याबाहेर राहिलेले पापड सादळवले आणि उकाडा मात्र तसूभरही हटवला नाही. महिन्याभरात मामींनी त्याच्या टपात कांदे भरून ठेवले.

ही गोष्ट ट्रायथलॉनच्या लेखात कशाला, असं वाटेल. पण गोव्याच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा हाफ आयर्नमॅन करायला निघालेल्या माणसाने सायकल घेण्याआधी हा कूलर समजून घ्यावा, असं माझं मत आहे. माठ, कूलर आणि माणसाची कातडी ही तिन्ही यंत्रं एकाच नियमावर चालतात. पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं. वाळलंच नाही, तर ते नुसतं ओलं करतं.

आधी शर्यतीची तोंडओळख. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, बाहेर येऊन ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि सायकल ठेवून लगेच २१.१ किलोमीटर धावायचं. बेरीज ११३ किलोमीटर, म्हणजे ७०.३ मैल. म्हणून हिला ‘सेव्हंटी पॉइंट थ्री’ म्हणतात. १९७८ साली हवाईमध्ये पहिली पूर्ण आयर्नमॅन झाली. तिला १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पुरी केली. ही तिची बरोबर अर्धी. भारतात या मालिकेची शर्यत २० ऑक्टोबर २०१९ रोजी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर झाली. कोविडमुळे दोन वर्षं खंड पडला आणि २०२२ च्या नोव्हेंबरपासून ती पुन्हा सुरू झाली. साडेआठ तासांत शेवटची रेषा ओलांडली नाही तर निकालाच्या यादीत नावापुढे डीएनएफ, म्हणजे ‘डिड नॉट फिनिश’, लागतं. पुण्या-कोल्हापुराकडून सायकली गाडीच्या मागे बांधून माणसं या शर्यतीला जातात, आणि त्यांतल्या अनेकांची ही पहिलीच हाफ असते.

ऑक्टोबरचं ऊन आपण शाळेच्या भूगोलात शिकलेलो असतो. पाऊस मागे फिरलेला, आकाश मोकळं, जमीन अजून ओली. त्यामुळे वरून ऊन आणि खालून वाफ. पारा ३२-३३ अंशांच्या पुढे फारसा जात नाही. आकडा बघून विदर्भातला माणूस हसेल. पण त्याने हसू नये. त्यासाठी थोडा हिशेब मांडतो.

धावताना शरीर जेवढी ऊर्जा जाळतं त्यातला बहुतेक भाग शेवटी उष्णताच होतो. ७० किलो वजनाचा माणूस किलोमीटरला साधारण सात मिनिटं या बेताच्या वेगाने धावला, तरी त्याच्या अंगात ६०० वॅटच्या वर उष्णता तयार होत राहते. हलक्या इस्त्रीच्या जवळपास जाणारा आकडा हा. समजा ही उष्णता बाहेर पडायची वाट पूर्ण बंद झाली, तर दर सात मिनिटांना अंगाचं तापमान एक अंशाने चढेल. सदतीसवरून चाळीसवर जायला वीस-एकवीस मिनिटं पुरतील. आपण तसे कोसळत नाही, याचं श्रेय घामाला. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे वरच्या इस्त्रीला थंड ठेवायला तासाला लिटरभराच्या आतबाहेर घाम वाळायला हवा.

वाळायला हवा, नुसता यायला नव्हे. सगळी मेख इथेच आहे. नागपूरला मे महिन्यात ४५ अंश आणि हवेत १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक साधारण २४ अंश दाखवतो. पणजीत ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर तोच तापमापक २७ च्या पुढे जातो. कोरडी हवा घाम जवळजवळ दुप्पट जोराने ओढून घेते. नागपूरच्या त्या उन्हात हवाच अंगाला तापवते, तेव्हा तिथे दुपारी धावणंही शहाणपणाचं नाहीच. पण पणजीत घाम कपाळावरून हनुवटीवर, हनुवटीवरून रस्त्यावर पडतो आणि पडलेल्या घामाने काहीच थंड होत नाही. दोन लिटर घाम गाळून एकाच लिटरचं काम होतं. पाणी आणि मीठ मात्र दोन लिटरचं जातं.

म्हणून उष्णतेचा धोका मोजणारे नुसता पारा बघत नाहीत. अमेरिकन लष्कराने १९५० च्या दशकात प्रशिक्षणात कोसळणाऱ्या जवानांसाठी एक निर्देशांक तयार करवून घेतला, आणि शर्यतींमध्ये आजही तोच वापरतात. त्यात ओल्या तापमापकाला ७० टक्के वजन, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातल्या तापमानाला २० टक्के आणि आपल्या ओळखीच्या पाऱ्याला उरलेले फक्त १० टक्के. मोबाइलवर तापमान बघून ‘बत्तीसच तर आहे’ म्हणणारा माणूस या हिशेबात फक्त दहा टक्के माहिती वाचत असतो.

आता हा हिशेब शर्यतीच्या घड्याळावर ठेवून बघा. सकाळी सातच्या सुमाराला पाण्यात उतरलात आणि पाऊण-एक तासाने बाहेर आलात. पहिलटकराची सायकल साडेतीन तासांची. ट्रान्झिशनमधला, म्हणजे टप्पा बदलतानाचा, वेळ धरला तर धावायला सुरुवात साडेअकरा-पावणेबाराला, आणि शेवट दोन-अडीचला. तिन्ही टप्प्यांत सर्वांत कमी वारा ज्या टप्प्यात लागतो, तो नेमका सूर्य डोक्यावर असताना येतो. उलट्या क्रमाने शर्यत घेतली असती तर ऊन सोसलं असतं, पण थकलेल्या माणसाला शेवटी समुद्रात सोडायचं धाडस कोण करणार?

पोहण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पाणी २८ अंशांच्या आसपास असतं. स्पर्धकांना वेटसूटची मुभा २४.५ अंशांपर्यंतच असल्यामुळे तो प्रश्न मिटतो. या टप्प्यात त्रास देते ती उष्णता नव्हे, तर भीती आणि शेजाऱ्याची कोपरं. तलावात पोहून आलेल्याने लाटांत दोन-चारदा आधी उतरावं आणि खारं पाणी गिळू नये, एवढं पुरे.

सायकल मात्र फसवी आहे. ताशी २७ किलोमीटरने चालवलं की अंगावर सेकंदाला साडेसात मीटरचा वारा येतो, जणू स्वतःचा पंखा बरोबर घेऊन फिरतोय. घाम येतो आणि लगेच वाळतो. ट्रायसूट कोरडा लागतो म्हणून वाटतं, की आज अंग छान साथ देतंय. मी स्वतः पहिल्या वेळी याच समजुतीत शेवटचे तीस किलोमीटर हाणले. पुढच्या चार जणांना मागे टाकलं, आणि ते चारही जण धावण्याच्या चौथ्या किलोमीटरला माझ्याशेजारून शांतपणे निघून गेले. एकाने तर पाठीवर थापही मारली. ती थाप अजून आठवते.

झालं होतं ते असं. सायकलवरून उतरलो की पंखा बंद होतो. धावण्याचा वेग ताशी आठ-साडेआठ किलोमीटर, म्हणजे वारा सेकंदाला सव्वादोन मीटर. त्यातून मागून वारा असेल तर अंगाभोवतीची हवा जवळपास स्तब्धच. समुद्राकडून येणारे खारे वारे दिवस चढल्यावर सुटतात हे खरं, पण रस्ता वळला की त्यांचा उपयोग अर्धा. उष्णता तयार होण्याचा वेग तेवढाच राहतो आणि ती बाहेर टाकायचं दार एकदम निम्मं लोटलं जातं. पायांत दम असूनही जीव कासावीस होतो तो यामुळे.

आतल्या बाजूला तेव्हा वेगळीच ओढाताण चाललेली असते. हृदय मिनिटाला ठरावीकच रक्त ढकलू शकतं, आणि मागणारे तीन असतात. स्नायूंना प्राणवायू हवा, कातडीला उष्णता बाहेर नेण्यासाठी रक्त हवं आणि पोटाला पचवण्यासाठी. पगार तेवढाच, घेणेकरी तीन. त्यात घामाने रक्तातलं पाणी घटत जातं, म्हणजे पगारालाही कात्री. मग हृदय ठोके वाढवून वेळ मारून नेतं. सकाळी १३५ ठोक्यांत निघणारा वेग दुपारी १५५ मागतो. घड्याळात वेग बघून धावणारा ही वाढ ओळखत नाही. ठोके बघणारा ओळखतो आणि वेग सोडून देतो. थंड पहाटे किलोमीटरला साडेसहा मिनिटांनी अर्धमॅरेथॉन करणाऱ्याने इथे साडेसात मिनिटं मनात धरावीत, आणि सायकलवर ‘आणखी थोडं मारता आलं असतं’ ही चुटपुट घेऊनच उतरावं.

तीन घेणेकऱ्यांत आधी पाय मागे घेतं ते पोट. रक्त कमी पडल्यावर आतड्यांचं शोषण मंदावतं. मग घेतलेलं एनर्जी जेल पोटात तसंच डुचमळत राहतं आणि शेवटी उलटीवाटे बाहेर येतं. एवढ्या लांबीच्या शर्यतीत तासाला ६० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं घ्यावीत असं सांगतात. मध्यम केळ्यात २५-२७ ग्रॅम असतात. खजूर, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, राजगिऱ्याचा लाडू यांवरही सायकलचा टप्पा नीट निघतो. लाडवाचा भुगा होतो, एवढं लक्षात ठेवा. खाणं सायकलवर उरकायचं, कारण तिथे पंखा असतो आणि पोट ऐकतं. आणि जे शर्यतीत खाणार तेच सरावात भर दुपारी खाऊन बघायचं. शर्यतीआधीच्या एक्स्पोमध्ये फुकट मिळालेल्या जेलचा पहिला प्रयोग शर्यतीत करणाऱ्यांसाठी रस्त्याकडेच्या माडांखाली बरीच जागा असते.

मिठाचं गणित थोडं खोलात जाऊन बघण्यासारखं आहे. लहान आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत शिरतात आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. साखर-मिठाच्या पाण्यामागचं विज्ञान ते एवढंच. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलऱ्याने माणसं मरत होती आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने उतरलं. आज औषधाच्या दुकानात मिळणारी ओआरएसची पुडी त्याच विचारातली. लिटरभर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज. शर्यतीसाठी हे पाणी उत्तम, पण इंधन म्हणून अगदीच तोकडं, कारण लिटरला जेमतेम अर्ध्या केळ्याएवढी साखर. तेव्हा एका बाटलीत मीठ-पाणी आणि खिशात खाणं, असे दोन हिशेब वेगळे ठेवलेले बरे. कोकम सरबत मला सर्वांत मानवतं. त्यात मीठ जरा सढळ हाताने घालावं लागतं, इतकंच.

किती प्यायचं, याचं उत्तर घरच्या वजनकाट्यावर मिळतं. तासभर उन्हात धावायच्या आधी आणि अंग पुसून नंतर वजन करा. कपडे न घालता, कारण घाम कपड्यात बसतो. मधे पाणी प्यायला नसाल तर घटलेला प्रत्येक किलो म्हणजे लिटरभर घाम. कुणाचा तासाला अर्धा लिटर निघतो, कुणाचा दोन. मित्राचा आकडा आपल्या उपयोगाचा नाही. गेलेलं सगळं भरून काढायचा हट्टही नको. शर्यत संपताना एक-दीड किलोने हलकं असणं ठीक आहे, जड असणं धोक्याचं.

हो, जड. उन्हाची धास्ती घेतलेली मंडळी प्रत्येक एड स्टेशनवर दोन-दोन पेले साधं पाणी ढोसतात. मूत्रपिंडांना ते बाहेर टाकणं जमत नाही, रक्तातलं सोडियम पातळ होत लिटरला १३५ मिलिमोलच्या खाली जातं आणि मेंदूला सूज येऊ लागते. डोकं दुखणं, मळमळ, बोटातली अंगठी घट्ट होणं, गोंधळल्यासारखं बोलणं. बघणाऱ्याला वाटतं उन्हाचा त्रास आहे, आणि तो आणखी पाणी पाजतो. हे संकट पहिल्या येणाऱ्यांपेक्षा मागून सावकाश येणाऱ्यांवर जास्त येतं, कारण त्यांना प्यायला वेळ भरपूर मिळतो. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांवर. तहान लागेल तसं, मीठ घातलेलं, घोट-घोट. आणि गुडघा दुखेल म्हणून आधीच आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी घेऊन उतरणाऱ्यांना हात जोडून विनंती, की पाण्याच्या ताणात असलेल्या मूत्रपिंडांवर ती गोळी आणखी ओझं टाकते. घेऊ नका.

उन्हाची सवय होते का? होते, आणि चक्क आठवड्या-दोन आठवड्यांत होते. रोज तासभर उष्णतेत व्यायाम केला की रक्तातल्या पाण्याचं प्रमाण वाढतं, घाम लवकर सुटतो, त्यात मीठ कमी जातं आणि तेवढ्याच कामाला हृदयाचे ठोके कमी पडतात. पण पुण्या-कोल्हापूरची सवय अशी, की सगळा सराव पहाटे साडेपाचला. पहाटेची हवा गोड, वेग चांगला, ऑफिसही गाठता येतं. आणि मग त्याच वेगाच्या भरवशावर माणूस पणजीत भर दुपारी धावायला जातो. शेवटच्या दोन आठवड्यांत निदान चार-सहा वेळा अकरानंतर बाहेर पडा, हळू, कुणाला तरी सांगून. सुट्टी मिळत नसेल तर संध्याकाळी धावून आल्या-आल्या ४० अंशांच्या कढत पाण्यात गळ्यापर्यंत वीस ते चाळीस मिनिटं बसण्याचा उपाय आहे. घरी टब नसतो ही अडचण मला मान्य आहे. मी बंद न्हाणीघरात गरम पाण्याच्या बादल्या अंगावर घेत बसायचो. बायकोचं त्यावर मत वेगळं होतं. सवय जितक्या लवकर येते तितक्याच लवकर जाते. दोन-तीन आठवडे थंडाव्यात काढले की पाटी बरीचशी कोरी.

शर्यतीच्या दिवशी मात्र बर्फासारखा मित्र नाही. घाम वाळण्यासाठी हवेची मर्जी लागते, बर्फाला ती लागत नाही. अर्धा किलो बर्फ वितळून अंगाच्या उष्णतेला पोचेपर्यंत जेवढी उष्णता शोषतो, तेवढ्याने ७० किलोच्या माणसाचं तापमान एक अंशाने उतरतं. अर्धा लिटर फ्रीजमधलं पाणी याच्या साधारण पाव पट काम करतं, कारण खरी उष्णता लागते ती वितळायला. म्हणून सुरुवातीआधी बर्फाचा चुरा खाण्याची पद्धत पडली आहे. सोप्या भाषेत चौपाटीवरचा गोळा, फक्त खात्रीच्या पाण्याचा. धावताना टोपीत बर्फ, मानेवर बर्फ, ट्रायसूटच्या छातीत मूठभर बर्फ. एड स्टेशनवर चालत जा. तीस सेकंद थांबून टोपी भरलीत तर पुढच्या दोन किलोमीटरला ती तीस सेकंदं परत मिळतात.

आता एक गैरसमज. ‘घाम थांबला की उष्माघात’ हे आपण लहानपणापासून ऐकतो. घरात पडून असलेल्या वृद्धांना उष्णतेचा झटका येतो तेव्हा ते बऱ्याचदा खरं असतं. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात माणूस घामाने निथळत असतानाच कोसळतो. खूण घामात नाही, वागण्यात आहे. तोल जाणं, उलट्या दिशेला वळणं, नाव विचारलं तर चिडणं, काहीच्या बाही बोलणं. अशा वेळी अंगाचं आतलं तापमान ४० च्या वर गेलेलं असू शकतं. काखेतला थर्मामीटर इथे खोटं बोलतो, खरा आकडा गुदद्वारातून मोजल्यावरच कळतो. उपचार म्हणजे गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात बुडवणं, आणि तेही तिथेच, अर्ध्या तासाच्या आत. आधी थंड करा, मग रुग्णवाहिकेत घाला, हा क्रम उलटला की जीव जाऊ शकतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फॅलमथ इथे दर ऑगस्टमध्ये उकाड्यात अकरा-साडेअकरा किलोमीटरची शर्यत होते. तिथे १८ वर्षांत उष्माघाताचे २७४ रुग्ण असे टबात बुडवले गेले आणि सगळेच्या सगळे वाचले.

म्हणून नाव नोंदवताना मेडल कसं आहे ते बघण्याआधी वैद्यकीय तंबूत बर्फाचे टब आहेत का, ते आयोजकांना विचारा. गेल्या आठवड्यात ताप किंवा जुलाब झाले असतील तर फी गेली असं समजा आणि मिरामारला वाळूत बसून इतरांना बघा.

आणि बघायला येणाऱ्यांना एक सांगणं. आपल्या माणसाचे हाल बघवत नाहीत म्हणून कुंपणापलीकडून त्याच्या हाती बर्फाची पिशवी देऊ नका. ट्रायथलॉनमध्ये बाहेरची मदत नियमाला धरून नाही, आणि त्यापायी तो बाद होऊ शकतो. त्यापेक्षा स्वयंसेवक म्हणून नाव द्या आणि धावण्याच्या वाटेवरचं एड स्टेशन मागून घ्या. दुपारी एक वाजता तिथे सर्वांत आधी बर्फ संपतो.